नावाड्याचं आमंत्रण

जन्मभर मी इजिप्तमधल्या मन्सूराच्या शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर खडूने रेघ ओढायची, 'पोरांनो, ही सीमा' म्हणायचं आणि तास संपला की फडक्याने पुसून टाकायची. त्या रेघेवर एक दिवस स्वतःला उभं राहावं लागेल, आणि तेही बोकडाला धरून, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात दिलेलं नव्हतं. दिलं असतं तर मी गणित घेतलं असतं.

झालं ते असं. शारजाला लेकीकडे आम्हाला नात झाली. आमच्याकडे जन्माच्या सातव्या दिवशी बाळाची सातवी करतात. नव्या चाळणीत बाळाला निजवायचं, चाळण हलवायची, कानाशी पितळी खलबत्ता बडवायचा, म्हणजे पुढे आयुष्यात कुठल्या आवाजाला घाबरत नाही. बायका मीठ उधळतात, मुलं मेणबत्त्या घेऊन घरभर फिरतात. आणि आमच्या घराण्याची रीत अशी की चाळणीतून बाळाला पहिल्यांदा उचलायचं ते आजोबांनी. मला माझ्या आजोबांनी उचललं, माझ्या लेकीला, शाहिंदाला, माझ्या वडिलांनी. आता माझी पाळी होती. खोटं कशाला सांगू, निवृत्तीनंतर माझी कुठेतरी पाळी येण्याची ही पहिलीच वेळ होती.

सातवी गुरुवारी संध्याकाळी पाचला. माझा व्हिसा संपत होता बुधवारी.

माझी बायको इन्साफ बाळंतपणासाठी मागाहून आली, म्हणून तिचा व्हिसा शिल्लक होता. मी आधीच येऊन बसलो होतो. का, ते ती अजून विचारते.

"काका, काही नाही हो त्यात," आमचा जावई तामेर म्हणाला. "बुधवारी सकाळी बसमध्ये बसायचं, ओमानात उतरायचं, चहा प्यायचा. तोवर एजंट नवा व्हिसा फोनवर पाठवतो. संध्याकाळी घरी. आमच्या ऑफिसातले लोक सहलीसारखे जाऊन येतात."

ज्या कामात 'काही नाही' असं जावई सांगतो, त्यात काय काय असतं ते सासऱ्याला पुढे कळतं.

बातमी जिन्यातून वरखाली गेली आणि सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरचे हाजी फतूह आमच्याच देशाचे, दमिएत्ताचे फर्निचरवाले. व्हिसाच्या बसमध्ये इतक्या वेळा बसलेले की ड्रायव्हर त्यांना मुलांच्या लग्नाला बोलावतो. ते म्हणाले, "बहगतसाहेब, टाय बांधा. टाय बघितला की साहेबलोक जरा दबतात." समोरच्या घरातली दमास्कसची उम्म विसाम दारातूनच ओरडली, "टाय? अहो, टाय बघितला की विचारतात, एवढा मोठा माणूस बसने कशाला आला? मुळीच नको!" दोघांत जुंपली. शेवटी मी टाय खिशात ठेवला, म्हणजे कुणाचाच अपमान नको.

पण जाता जाता हाजींनी माझा दंड धरला. "एकच लक्षात ठेवा. सीमेवर तोंड उघडायचं नाही. 'हो', 'नाही' आणि 'देव भलं करो'. बस्स. आपण इजिप्तवाले एकदा बोलायला लागलो की थांबत नाही, आणि तिकडचे लोक आपण बोललेलं खरं धरतात."

मी मान डोलावली. भूगोलाच्या माणसाला गप्प कसं बसायचं हे दमिएत्ताच्या फर्निचरवाल्याने शिकवायचं म्हणजे कमाल होती.

इन्साफने भात भरलेली कबुतरं तळून एका भल्यामोठ्या डब्यात भरली. डबा माझ्या हातात देत म्हणाली, "उद्या पाचला दारात दिसला नाहीत ना, तर बाळाला मी उचलेन. आणि मग मरेपर्यंत ऐकवेन." इन्साफ म्हणजे न्याय. तिचं नाव ठेवणाऱ्यांनी शिक्षेचं काही सांगितलं नव्हतं.

बसचा ड्रायव्हर गुलजमान खान, मेंदी लावलेल्या दाढीचा पठाण. जगातले सगळे प्रवासी उशिरा येतात अशी त्याची श्रद्धा, त्यामुळे वेळेवर आलेल्यांवरही तो तेवढाच चिडायचा. माझ्या शेजारी रोवेना नावाची फिलिपिनो बाई बसली. गाडी सुटताच तिने पिशवीतून लोकर काढली.

"इतक्या उकाड्यात स्वेटर?" मी विचारलं.

"स्वेटर कुणाला हवाय सर? हात गुंतले की व्हिसाची काळजी होत नाही," ती म्हणाली. "तुम्ही काय आणलंय गुंतायला?"

मी कबुतरांचा डबा दाखवला. तिने सहानुभूतीने मान हलवली.

ओमानच्या सीमेपर्यंत मी हाजींचा मंत्र अक्षरशः पाळला. खिडकीमागे खल्फान नावाचा एक अधिकारी, पोशाख कडक इस्त्रीचा, चेहरा शांत. माझा पासपोर्ट उघडला, शिक्का हातात घेतला आणि मधेच थांबून नाकाने हवा ओढली.

"डब्यात काय आहे, उस्ताद?"

आता इथे मला थोडं आमच्या देशाबद्दल बोलायलाच हवं. आमच्याकडे नाईलच्या मधोमध होडीत जेवायला बसलेला नावाडी काठावरच्या माणसाला ओरडून म्हणतो, 'या हो, जेवायला या!' काठावरचा पोहत येणार नाही हे त्याला ठाऊक. काठावरचाही ओरडतो, 'आत्ताच झालं, देव बरकत देवो!' दोघांचा मान राहतो, भाकरी नावाड्याच्या पोटात जाते. याला आम्ही नावाड्याचं आमंत्रण म्हणतो. न्हावी म्हणतो 'पैसे राहू द्या', टॅक्सीवाला म्हणतो 'तुमच्याकडून काय घ्यायचं', आणि सगळा देश सुखाने चालतो. कारण कुणीच ते खरं धरत नाही.

तर माझं तोंड उघडलं. मी उघडलं नाही, ते उघडलं.

"कबुतरं आहेत, साहेब! या, घ्या! देवाशपथ, घेतल्याशिवाय मी हलणार नाही! आणि इथे काय, घरीच या ना! उद्या माझ्या नातीची सातवी आहे. तुम्ही सगळ्यांना घेऊन या, आमचं घर उजळून निघेल!"

त्याने म्हणायचं होतं, 'आत्ताच झालं, देव बरकत देवो.' माझे कान त्यासाठी तयारच होते. पण त्याने शिक्का खाली ठेवला, माझ्याकडे वर बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

"इतकी वर्षं या खिडकीत बसतोय. कुणी घरी बोलावलं नाही," तो म्हणाला. "किती वाजता?"

"पाच," माझं तोंड म्हणालं.

"पत्ता?"

तोंडाने पत्ताही दिला. दुसरा मजला, लिफ्टच्या डावीकडे, दाराला निळा रंग. नावाडी जेवत बसला होता आणि काठावरच्याने झगा वर खोचला होता.

सीमेपलीकडच्या गावातल्या एका खानावळीत गुलजमानने आम्हाला उतरवलं. एजंटचे निरोप यायला लागले. कुणाचा फोन वाजला की सगळे टाळ्या वाजवायचे, तो माणूस उठून दोन पावलं नाचायचा. रोवेनाचा आला, तिने टाका चुकवला नाही. माझा फोन मात्र ढिम्म. मी एजंटला फोन केला. "आलाच समजा, साहेब," तो म्हणाला. मी समजलो. दुपारपर्यंत समजत राहिलो.

तेवढ्यात दारात पांढऱ्याशुभ्र झग्यात, डोक्याला कशिद्याची टोपी घालून खल्फान उभा. ड्युटी संपली होती. "उस्ताद, तुम्ही मला घरी बोलावलंत आणि माझ्या गावात खानावळीत बसलात? लोक माझ्या आईला काय म्हणतील? चला. सगळे चला."

"सगळे म्हणजे?" गुलजमानने विचारलं.

"अख्खी बस," खल्फान म्हणाला.

मी तीनदा नको म्हणालो. आमच्याकडे तीनदा नको म्हटलं की यजमान समजून घेतो. यांच्याकडे तीनदा नको म्हटलं की यजमान म्हणतो, किती संस्कारी माणूस आहे, आणि दंड धरून उठवतो.

खल्फानच्या घरच्या लांबलचक दिवाणखान्यात सगळी बस भिंतीला टेकून मांडी घालून बसली. त्याची म्हातारी आई शम्सा आजी सगळ्यांच्या आधी माझ्याकडे कॉफी घेऊन आली. छोटासा कप, वेलदोड्याची कडू कॉफी. मी संपवला, तिने भरला. मी संपवला, तिने भरला. म्हातारीचा मान राखायचा म्हणून मी पीत राहिलो आणि माझा मान राखायचा म्हणून ती ओतत राहिली. माझं काळीज गुलजमानच्या बसच्या इंजिनासारखं धडधडायला लागलं, तेव्हा ती पोट धरून हसली.

"पोरा, नको असेल तर कप हलव! असा! मला वाटलं तुझ्या देशात दुष्काळ पडलाय कॉफीचा."

एवढ्यावर भागलं असतं. पण कॉफीने मेंदू तरतरीत झाला होता आणि खिडकीबाहेर एक बोकड उभा होता. काळाभोर, कपाळावर पांढरा ठिपका. यजमानाचं काहीतरी कौतुक करायला हवं म्हणून मी म्हणालो, "वा! काय देखणा बोकड आहे!"

"तुमचा झाला," खल्फान म्हणाला.

आमच्याकडेही असंच म्हणतात. आमच्याकडे पाहुणा म्हणतो, 'छे छे, मालकालाच लखलाभ,' आणि बोकड जागचा हलत नाही. मी म्हणालो, "छे छे, मालकालाच लखलाभ!" खल्फान म्हणाला, "मालक तुम्हीच की आता. नातीच्या सातवीला कापायला बोकड लागतोच. देवानेच तुमच्या तोंडून बोलवलं." पुढच्या पाच मिनिटांत बोकड बसच्या सामानाच्या कप्प्यात होता आणि गुलजमान पश्तूमध्ये काहीतरी बोलत होता. मला पश्तू येत नाही, पण समजलं.

संध्याकाळ व्हायला आली. माझ्याखेरीज सगळ्यांचे व्हिसा आले होते. "सीमेवर पोहोचेपर्यंत येईल, आलाच समजा," एजंट म्हणाला. आम्ही निघालो. ओमानने मला बाहेर पडल्याचा शिक्का मारला. मधला ओसाड रस्ता ओलांडून बस पलीकडच्या खिडक्यांशी थांबली. एकेक माणूस आत गेला. मग माझी पाळी आली. म्हटलं ना, पाळी यायला सुरुवात झाली होती.

"तुमचा व्हिसा दिसत नाही," खिडकीतला तरुण म्हणाला.

"येतोय."

मागून एक पहारेकरी बोकडाला घेऊन आला. "हा कुणाचा? याचा डॉक्टरी दाखला कुठे आहे?"

"तोही नाही," मी म्हणालो.

तरुणाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बोकडाकडे. "दोघांनीही मागे जा," तो अगदी सभ्यपणे म्हणाला. मला बोकडाच्या ओळीत बसवलं याचं त्याला वाईट वाटलं असावं, कारण त्याने बोकडाला पाणी दिलं. मला नाही दिलं.

बस गेली. रोवेनाने खिडकीतून अर्धा स्वेटर हलवला. मी आणि बोकड दोन देशांच्या मधल्या रस्त्यावर उभे राहिलो. ही जागा मी कधी शिकवली नव्हती. नकाशात इथे फक्त रेघ असते, रेघेला रुंदी असते हे मला आज कळलं. मी खिशातला टाय काढला आणि बोकडाच्या गळ्यात बांधून दुसरं टोक हातात धरलं. हाजी म्हणाले होते, टाय उपयोगी पडतो.

फोन वाजला. इन्साफ. "कुठे आहात?"

"कुठेच नाही," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा बायकोला इतकं खरं उत्तर दिलं आणि तिने फोन आपटला.

सीमेवरून कळल्यावर खल्फानच पिकअप घेऊन आम्हाला न्यायला आला. रात्री म्हातारीने मला कोळशावर भाजलेला मासा खाऊ घातला. झोपताना मी तिला म्हणालो, "आजी, तुम्हीही कधी या आमच्याकडे." जित्याची खोड, दुसरं काय.

गुरुवारी दुपारी बाहेर गाड्यांचे आवाज. बघतो तर खल्फान, त्याची बायको, भाऊ, भावजया, मुलंबाळं, हलव्याचे डबे, आणि मागे पिकअपमध्ये बोकड. गळ्यात माझा टाय.

"गुरांच्या दवाखान्यातून दाखला आणला, दोन्हीकडची मंजुरी झाली," खल्फान म्हणाला. "निघतो आम्ही."

"कुठे?"

"तुमच्याकडे! पाच वाजता ना?"

"अहो, पण मीच नाहीये घरी!"

"पण शब्द दिलाय ना तुम्ही? आणि मी पण दिलाय," तो म्हणाला. "तुमचा व्हिसा आला की मागून या. आई थांबतेय तुमच्यापाशी. पाहुण्याला एकटं टाकायची आमची रीत नाही."

बोकड माझ्या आधी देशात शिरायला निघाला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

पाच वाजता तामेरने फोनवर चित्र लावलं. दोन खोल्यांच्या घरात माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती. खल्फान कोचावर मधोमध, त्याच्या शेजारी हाजी फतूह, आणि हाजी न थांबता बोलत होते. उम्म विसाम गच्चीतल्या बोकडाचा टाय सरळ करत होती. आणि फरशीवर, पांढऱ्या जाळीच्या चाळणीत, माझी नात. मूठभर. डोळे मिटलेले. इन्साफने खलबत्ता बडवला, चाळण हलली, मीठ उडालं, शाहिंदाने रीतीप्रमाणे सात वेळा बाळाला ओलांडलं. आता उचलायची वेळ आली होती.

वाटलं, आता इन्साफ उचलणार, आणि मी एका परक्या दिवाणखान्यात कॉफीचा कप धरून ते बघणार. माझ्या आजोबांनी मला उचललं तेव्हा ते शेतातून चालत आले होते म्हणे, पायाला चिखल तसाच. मी मात्र एका शिक्क्यासाठी अडलो होतो.

इन्साफ पुढे झाली. वाकली. आणि तशीच थांबली.

"मी नाही उचलत," ती म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू येईना. "त्यांचं आहे ते. त्यांनी लवकर यावं फक्त."

"थांबू की," खल्फान म्हणाला. "आम्हाला कुठे घाई आहे? ज्यांनी बोलावलं त्यांना येऊ द्या."

आणि माझ्या हातातला फोन टुण्णकन वाजला. व्हिसा आला होता. एजंटने खाली लिहिलं होतं, 'म्हटलं होतं ना!'

मी ताडकन उठलो. शम्सा आजी स्वयंपाकघरातून परात घेऊन आली. "बस पोरा. भात टाकलाय. खाऊन जा."

माझं तोंड उघडलं. सवयीने त्यात 'नको, उगाच त्रास, बरं, तुम्ही म्हणताच आहात तर दोन घास' हे सगळं तयार होतं. पण बाहेर आलं ते वेगळंच. "नाही," मी म्हणालो. "मला भात नको. कॉफी नको. काहीही नको. मला घरी जायचंय. मला माझ्या नातीला उचलायचंय." आणि साठी उलटलेला मी, माजी भूगोलशिक्षक, तिच्या दिवाणखान्यात हुंदके देऊन रडलो.

म्हातारीने परात खाली ठेवली. "मग कालपासून बोलला का नाहीस? मी आपली म्हणतेय, याला इथे करमलेलं दिसतंय."

तिने भिंतीवरची किल्ली काढली, कोपऱ्यातलं एक गाठोडं उचललं आणि दुसऱ्या पिकअपच्या चालकाच्या जागेवर जाऊन बसली. तिला जेमतेम चाकावरून दिसत होतं. "बस. मलाही बोलावलंयस ना तू काल?"

त्या म्हातारीने गाडी कशी चालवली याबद्दल मी काही सांगणार नाही. ज्या देवाने आम्हाला पोहोचवलं त्याला माहीत आहे. खिडकीतल्या कालच्या तरुणाने माझा पासपोर्ट बघितला, शिक्का मारला आणि विचारलं, "बोकड कुठे आहे?"

"पुढे गेलाय," मी म्हणालो.

मी पोहोचलो तेव्हा मेणबत्त्या विझून गेल्या होत्या आणि निम्मी मुलं भिंतीला टेकून पेंगत होती, पण एकही माणूस गेला नव्हता. बाळाने मधे दूध पिऊन घेतलं होतं आणि शाहिंदाने तिला परत चाळणीत ठेवलं होतं. मी हात धुतले, वाकलो आणि तिला उचललं. ती काही भारी नव्हती. तिने एक डोळा उघडून मला बघितलं आणि परत मिटला. मला वाटतं, पसंत पडलो.

इन्साफने तिच्या कानाशी पुन्हा खलबत्ता बडवला आणि रीतीप्रमाणे ओरडली, "आईचं ऐक! बापाचं ऐकू नकोस!" आणि माझ्याकडे बघत जोडून दिलं, "आणि आजोबांसारखं वाटेल त्याला जेवायला बोलावत फिरू नकोस!"

सगळे हसले. मी खाली मान घातली. बोकडाचं पुढे रीतीप्रमाणे झालं, हाजींनी कसाई आणला, सगळ्या बिल्डिंगला वाटे गेले. मी नुसता भात खाल्ला. ज्याच्याबरोबर आपण कुठेच नसताना उभे राहिलो, त्याला खाणं मला जमलं नाही. टाय मी धुऊन ठेवलाय.

रात्री खल्फानची मंडळी निघाली. शम्सा आजी दारात उभी राहून बाळाच्या गालाला बोट लावत होती. इन्साफचा जीव भरून आला. ती म्हणाली, "आजी, एवढ्यात कुठे निघालात? देवाशपथ, बाळाच्या चाळिसाव्या दिवसापर्यंत राहा! तुमच्याशिवाय घर सुनं होईल!"

मी इन्साफकडे बघितलं. हाजी फतूहनी डोळे मिटून घेतले.

म्हातारीने हातातलं गाठोडं खाली ठेवलं आणि चपला काढल्या.

आता ती आमच्या खोलीत झोपते, बाळाला तेल लावते आणि इन्साफला कॉफी पाजते. कप हलवायचा असतो हे मी इन्साफला अजून सांगितलेलं नाही. माझा व्हिसा पुन्हा संपत आलाय. म्हातारी ओमानची, तिला व्हिसा लागत नाही.